चिया हार्वेस्टरने काढताना दाणा मागून उडतो, सेटिंग काय ठेवावं?

रिसोडकर, जि. वाशीम
4 एकर चिया काढणीला आली आहे. मागच्या वर्षी गव्हाच्याच सेटिंगवर हार्वेस्टर घातला. टाकीत माल एकदम स्वच्छ आला, म्हणून मीही निश्चिंत होतो. नंतर रानाला पाणी दिलं तर मशीन गेली त्या प्रत्येक पट्ट्यात चियाच उगवली, पाय ठेवायला जागा नाही इतकी दाट. फार जीव तुटला. कापून थ्रेशरला घालावी तर मजूर नाहीत. 14 फुटी कटरची मशीन आहे. पंखा, चाळणी, मळणीचा ड्रम कसं ठेवू?

ऑपरेटर अकोला
दादा, टाकीत स्वच्छ माल आला तिथंच घात झाला. चियाचे साधारण 800 दाणे मिळून एक ग्रॅम होतो. गव्हाचा भुसा उडवणारा वारा तो दाणा सहज घेऊन जातो. मी 9 हंगाम मशीन चालवतोय, चियात टाकीत काडीकचरा येऊच देतो. तो घरी चाळता येतो, रानात पडलेला दाणा वेचता येत नाही.

आधी पंखा. सगळ्यात कमी वेगावर आणा, तरी वारा जास्त वाटला तर बाजूच्या झडपा झाका. मग वरची चाळणी थोडी मिटवा, खाली 3 मिमी गोल भोकाची टाका. ड्रम आमच्या मशीनवर गव्हाला मिनिटाला 850 फेऱ्यांच्या आसपास फिरतो, चियाला मी 500 वर आणतो. बोंडं वाळली असली की तेवढ्यात फुटतात. ड्रम जोरात फिरला तर काडीचा चुरा होऊन चाळणीवर बसतो आणि दाणा त्याच्यावरून घसरत मागे जातो. रीळ, म्हणजे पुढं पीक कटरवर ओढणारं फिरतं चक्र, हळू ठेवा. आणि दव पूर्ण उतरल्याशिवाय मशीन रानात घालू नका, ओला चिया बुळबुळीत होऊन चिकटतो.

मेहकरवाला
गळती पण बघा भाऊ. आमच्याकडे दाणा वर टाकीत नेणाऱ्या एलिव्हेटरच्या खालच्या झाकणातून धार लागली होती. इंजिन बंद करून, चावी खिशात ठेवून सगळे सांधे सिलिकॉन आणि चिकटपट्टीने बुजवले. आधीच्या रानातला गहूही मशीनमधून झाडून काढा, व्यापारी भेसळ धरून भाव पाडतात.

रिसोडकर, जि. वाशीम
पण नुकसान किती होतंय हे उभ्या रानात कसं कळणार?

ऑपरेटर अकोला
तारेचा एक फूट बाय एक फूट चौकोन करा. मशीनमागे भुसा पडतो त्या पट्ट्यात ठेवा, भुसा झटकून दाणे मोजा. 14 फुटांतला माल 4 फुटांत पडतो, म्हणून त्या चौकोनात साधारण 63 दाणे म्हणजे एकरी एक किलो. आधीच गळून पडलेले दाणे उभ्या पिकात मोजून वजा करा. एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर फरक कशानं पडला ते समजत नाही.

रिसोडकर, जि. वाशीम
काल काढली. पहिल्या फेरीत पाव चौकोन मोजून चारने गुणलं, 1500 च्या वर गेले. म्हणजे एकरी 24 किलो! पंखा आणखी उतरवला, एक झडप झाकली, 700 वर आलं. ड्रम 500 केल्यावर 400. टाकीत काडी बरीच आहे. आज सकाळपासून आई आणि मी चाळतोय, दोन पोती झाली.