‘अष्टपैलू’ कुणाला म्हणायचं?

आमच्या सांगलीच्या मंडळाची स्मरणिका निघतेय. त्यात विजय हजारेंवर टिपण लिहिलंय. सुरुवात अशी: ‘१९१५ साली सांगलीत जन्मलेले भारताचे थोर अष्टपैलू खेळाडू’. मुद्रितं तपासणाऱ्या सरांनी ‘अष्टपैलू’ खोडून ‘फलंदाज’ केलं. म्हणाले, ३० कसोटींत २१९२ धावा आणि ७ शतकं खरी, पण बळी अवघे २०. काय ठेवू?

— सरांचं बरोबर वाटतं. पैलू म्हणजे बाजू. फारसीतून आलेला शब्द. एरवी आपण गाणं, लेखन, अभिनय सगळं जमणाऱ्यालाही अष्टपैलू म्हणतो, तिथे आठ कुणी मोजत नाही. क्रिकेटमध्ये मात्र अर्थ आवळलाय. नुसत्या फलंदाजीवर संघात जागा मिळेल आणि नुसत्या गोलंदाजीवरही मिळेल, तो अष्टपैलू. क्षेत्ररक्षण कितीही चपळ असो, तेवढ्यानं हा शब्द लागत नाही. विनू मांकड बघा. १९५२, लॉर्ड्स: ७२ धावा, मग ७३ षटकं टाकून ५ बळी, पुन्हा फलंदाजीला येऊन १८४. त्या डावात समोर कर्णधार हजारेच होते, दोघांची २११ची भागीदारी झाली. कसोटी आपण हरलो, पण ‘अष्टपैलू कामगिरी’ म्हणजे हीच. कपिल देव तर ५२४८ धावा आणि ४३४ बळी. तिथे वादच नाही.

— थांबा, हजारेंचं गोलंदाजीचं माप फक्त कसोटीवरून काढू नका. प्रथम श्रेणीत, म्हणजे कसोटीसकट रणजीसारख्या अनेक दिवसांच्या सामन्यांत, त्यांच्या नावावर ५९५ बळी आहेत! एवढे बळी घेणाऱ्याला ‘कामचलाऊ गोलंदाज’ म्हणणं अन्याय आहे. आणि ॲडलेड, १९४८: दोन्ही डावांत शतक, ११६ आणि १४५. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज लिंडवॉल ७ बळी घेत होता आणि हे उभे होते. त्याच कसोटीत ब्रॅडमनचा त्रिफळाही हजारेंनीच उडवला. २०१ झाल्यावर का होईना.

— एकच बळी सांगून अष्टपैलू ठरत नाही, ५९५ सांगून ठरतो. म्हणून शब्द ठेवा, पण मैदान सांगा: ‘कसोटीतले खंदे फलंदाज आणि देशांतर्गत क्रिकेटमधले अष्टपैलू’. ‘थोर’ दोन्हींच्या आधी चालेल.