सूज हवी आहे ती जंतूलाच

प्रतिकारशक्ती कमी पडली की हिरड्यांचा आजार बळावतो, हा मुद्दा मला अपुरा वाटतो. पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जंतूच्या बाबतीत प्रकार जास्त गुंतागुंतीचा आहे. त्याला सूज हवीच असते. सुजलेल्या हिरडीतून रक्त आणि तुटलेली प्रथिनं झिरपतात, आणि त्यातलं हीम, म्हणजे रक्तातला लोह असलेला घटक, हे त्याचं अन्न. पण सूज आली की मारेकरी पेशीही येणार. मग तो जगतो कसा?

त्याच्याकडे जिंजिपेन नावाची प्रथिनं तोडणारी विकरं आहेत. रक्तात जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांची कॉम्प्लिमेंट नावाची यंत्रणा असते; त्यातलं सी३ हे प्रथिन ती तोडतात, त्यामुळे जंतूवर 'याला गिळा' अशी खूण नीट बसत नाही. त्याच यंत्रणेतलं सी५ मात्र ती अशा जागी कापतात की सी५ए हा सूज वाढवणारा तुकडा तयार होतो! न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींवरचे दोन ग्राही, म्हणजे संदेश टिपणारी प्रथिनं, हा जंतू एकाच वेळी चेतवतो: एक सी५एचा ग्राही आणि दुसरा जंतू ओळखणारा टीएलआर२. त्यातून पेशीतलं मायडी८८ हे संदेश पुढे नेणारं प्रथिन नष्ट होतं, जंतू मारण्याचा मार्ग बंद पडतो, गिळण्याची क्रिया अडते, सूज मात्र चालूच राहते. मला यातला सगळ्यात थक्क करणारा भाग हाच वाटतो.

शिवाय याचा फायदा शेजारच्या इतर जंतूंनाही मिळतो. २०११ मधल्या उंदरांवरच्या प्रयोगात हा जंतू अगदी नगण्य संख्येत असूनही दातांभोवतीच्या हाडाची झीज झाली. जंतुविरहित उंदरांत तो एकटा असताना झाली नाही. हा जंतू प्रतिकारयंत्रणेलाच असा वापरून घेतो, त्यामुळे 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' औषधं इथे उपयोगी पडतील असं मला वाटत नाही. दातांवरचा आणि हिरडीखालचा जंतूंचा थर नीट काढणं, हाच उपचाराचा पाया.