‘मी समाधानी आहे’ असं ती म्हणते तेव्हा

टिपणवही:
सर्वेक्षणाच्या कामात आयुष्याचा दर्जा मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली वापरते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारायचं, उत्तर १ ते ५ मध्ये. परवा सतरा वर्षांची एक मुलगी समोर होती. लग्नाला दीड वर्ष, मांडीवर बाळ. झोप, प्रकृती, नाती, सगळीकडे ४. विरंगुळ्याच्या प्रश्नाला मात्र अडली. “विरंगुळा म्हणजे?” मी समजावलं. तिने दाराकडे पाहिलं. दारात सासू. “मिळतो की,” म्हणाली. पुन्हा ४.

कागदावर पोरगी मजेत. माझं म्हणणं, लवकर लग्नाने आयुष्याचा दर्जा घसरतोच, आणि घसरला हे कळायला जे दुसरं आयुष्य बघितलेलं असावं लागतं, तेही हातचं जातं. म्हणून ‘ती खूश आहे ना, मग झालं’ हे मला पटत नाही.

आडवा_प्रश्न:
ती ४ म्हणते आणि तुम्ही म्हणता तिला कळत नाही. हा तर सासूचाच सूर झाला!

शिवाय शाळा बहुतेकदा लग्नाआधीच सुटलेली असते, घरात पैसा नसतो. तीच मुलगी अविवाहित राहिली असती तर कुठे विरंगुळा होता? एकदाच मोजून कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे ठरत नाही. आणि ही प्रश्नावली मुळात प्रौढांसाठी बनवलेली आहे, ते वेगळंच.

सुईण_नव्हे_परिचारिका:
मनाचं मोजमाप राहू दे, शरीराचं बोलू. १५ ते १९ वयातल्या मुलींच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत जगभर गरोदरपण-बाळंतपणातली गुंतागुंत येते. उंची थांबली तरी कटीची हाडं पुढेही वाढत असतात. बाळ अडतं. फार वेळ अडून राहिलं तर दाबाने मूत्राशय आणि योनीमार्गामधला पडदा मरतो, भोक पडतं आणि लघवी सतत गळत राहते. मग तिच्याजवळ कुणी बसत नाही. नवरासुद्धा. ह्याला ५ पैकी किती देणार?

आडवा_प्रश्न:
वेळेत शस्त्रक्रिया झाली तर हे टळतं. म्हणजे पुन्हा पैसा आणि अंतरच आडवं आलं.

सुईण_नव्हे_परिचारिका:
टळतं. पण दवाखान्यात न्यायचं कधी, हे सोळा वर्षांची सून ठरवत नाही. तिशीतली निदान भांडते तरी.

कोपऱ्यातला:
मुलग्यांचं कुणी काढतच नाही. युनिसेफच्या २०१९ च्या अंदाजानुसार अठराच्या आत लग्न झालेले मुलगे आणि पुरुष साडेअकरा कोटी. मिसरूड फुटायच्या आत कमवायला जुंपलेला पोरगाही किशोरवयीनच असतो.

सतराव्या_वर्षी:
मी स्वतःच्या मर्जीने, घरच्यांशी भांडून केलं. संसार चांगला झाला. तरी माझ्या मुलीने सतराव्या वर्षी विचारलं असतं तर नाहीच म्हटलं असतं. ह्यावर मला दुटप्पी म्हणा, चालेल.

टिपणवही:
सासूचा सूर लागला, मान्य. म्हणून काल पुन्हा गेले, सासू घरी नसताना. तोच प्रश्न. पुन्हा ४ च. तुम्ही जिंकलात म्हणून वही मिटली, तर तिने विचारलं, “हे घरी कुणाला दाखवणार नाही ना?” उत्तर ४ च होतं, तर लपवायचं काय होतं?

आडवा_प्रश्न:
माझी चाळिशी उलटली, माझीही वही मी घरी दाखवत नाही. पण हो, आज तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.