मदत हवी आहे: फ्री ट्रायलनंतर वर्षाची वर्गणी दोनदा कापली गेली, पैसे परत मिळतील का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या बाबांचा आहे, त्यांच्या वतीने मी लिहितेय. बाबांचं वय ७१. मागच्या वर्षी गुडघ्यांचे व्यायाम दाखवणारं एक अ‍ॅप त्यांनी फोनवर घेतलं. 'सात दिवस मोफत' असं मोठ्या अक्षरांत होतं आणि कार्डाचा नंबर 'फक्त पडताळणीसाठी' मागितला होता. चौथ्या दिवशी व्यायाम झेपेनात म्हणून त्यांनी अ‍ॅप काढून टाकलं. त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

परवा त्यांच्या कार्डाचं स्टेटमेंट बघताना एका अनोळखी नावाने गेलेली रक्कम दिसली. मागे जाऊन पाहिलं तर बरोबर वर्षापूर्वी, त्याच तारखेला, तेवढीच रक्कम गेलेली. म्हणजे ट्रायल संपल्याबरोबर अख्ख्या वर्षाची वर्गणी कापली आणि वर्ष भरल्यावर पुन्हा एकदा.

विचारलं तर बाबा आधी गप्पच बसले. मग म्हणाले, "जाऊ दे, चूक माझीच, नीट वाचलं नाही." पहिल्या वेळी पैसे गेल्याचं त्यांना कळलं होतं. एकदाच गेले असतील असं समजून ते बोलले नाहीत, कारण आम्हाला सांगायची लाज वाटली. मला पैशांपेक्षा हे जास्त लागलंय. सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेला माणूस आता साधं बिल भरतानाही मला हाक मारतो.

कंपनीला मेल केली. दोन ओळींचं उत्तर आलं की अटी मान्य केलेल्या आहेत, रिफंड मिळणार नाही. त्यांच्या साइटवर रद्द करण्याचं बटण कुठेच सापडत नाही. आता कार्डच बंद करून नवं घ्यावं का? आणि वर्षभरात एकदाही अ‍ॅप उघडलेलं नाही, या मुद्द्याला काही वजन आहे का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, अ‍ॅप काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही. हे इतक्या जणांच्या बाबतीत घडतं की बाबांना तेवढं तरी नक्की सांगा.

स्टेटमेंटवर अ‍ॅप स्टोअरचं नाव असतं तर फोनच्या सेटिंगमध्ये सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन रद्द करता आलं असतं आणि रिफंडही स्टोअरकडेच मागायचा असता. तुमच्याकडे वेगळं नाव दिसतंय, म्हणजे कंपनी थेट कार्डावरून पैसे घेतेय. तरीही ती यादी एकदा बघून घ्या. मग कंपनीला 'आजपासून वर्गणी रद्द, यापुढे पैसे घेण्याची संमती नाही' अशी स्पष्ट मेल टाका आणि बँकेत त्या कार्डावरचं मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, काढून टाका.

नुसतं कार्ड बदलून भागेलच असं नाही. नव्या कार्डाचा नंबर व्यापाऱ्यापर्यंत आपोआप पोचवण्याची सोय व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांकडेही आहे. जुनं कार्ड बंद झालं तरी वर्गणी चालूच राहिली, असं त्यामुळे होऊ शकतं.

प्रतिसाद

मी बँकेत कार्डांच्या तक्रारी बघायचो. एक कळकळीची विनंती: बँकेकडे पैसे परत मागायचा अर्ज कराल, त्यात 'हा व्यवहार आम्ही केलाच नाही' असं लिहू नका. कंपनी नोंदणीची तारीख आणि कार्डाचा तपशील पुढे करते आणि दावा तिथेच फेटाळला जातो. खरं आहे तेच लिहा: ट्रायल घेतली होती, पैसे कापले जाणार हे ठळकपणे सांगितलं नव्हतं, रद्द करायला वाट ठेवली नाही.

चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत व्यापाऱ्याकडून पैसे परत मागण्याची, मुदत साधारण १२० दिवसांची असते. त्यामुळे यंदाच्या रकमेसाठी लगेच अर्ज करा. गेल्या वर्षीची रक्कम या मार्गाने येणार नाही. वापर न करणं हा मुद्दा एकटा टिकत नाही, पण जोडीला जरूर द्या. शिवाय व्हिसाने २०२० पासून ट्रायल देणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी नियम केलाय की ट्रायल संपायच्या आधी ग्राहकाला आठवण करून द्यायची आणि सोबत ऑनलाइन रद्द करण्याचा दुवा द्यायचा. कार्ड व्हिसाचं असेल तर बाबांची मेल नीट तपासा.

प्रतिसाद

देश लिहिलेला नाही, म्हणून माहीत आहे तेवढं सांगते. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या साइट-अ‍ॅपच्या रचनेविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये १३ प्रकार दिलेत, त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे. रद्द करण्याचा पर्याय लपवणं त्यात येतंच, पण मोफत सेवेसाठी कार्डाचा तपशील द्यायला भाग पाडणंही येतं! तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी.

जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन करार रद्द करण्याचं बटण साइटवरच ठेवावं लागतं, मला त्याचा उपयोग झालाय. आणि ट्रायल घेताना पुढची किंमत स्पष्ट सांगितली नसेल, तर ट्रायल संपून पैसे लागू झाल्यावर माघार घ्यायचे १४ दिवस ग्राहकाला पुन्हा मिळतात, असा युरोपीय न्यायालयाचा ऑक्टोबर २०२३ चा निकाल आहे. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने स्पष्ट संमती आणि रद्द करण्याची सोपी सोय बंधनकारक आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना शेजारी बसवून हे सगळं वाचून दाखवलं.

कार्ड व्हिसाचंच आहे. मेल शोधली, तर आठवणीची मेल खरंच सापडली, जाहिरातींच्या फोल्डरमध्ये. विषय होता 'तुमचा प्रवास सुरूच राहणार!' रक्कम सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत. रद्द करण्याचा दुवाही आहे, पण तो दाबला की 'अ‍ॅप उघडा' एवढंच येतं. आता मेल आलीच होती म्हटल्यावर आमचा दावा पडला का?

प्रतिसाद (बँकवाला)

मुळीच नाही. आठवण मिळाली नाही असं मात्र आता लिहू नका. मेल जोडा आणि दुवा दाबल्यावर काय होतं त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग तारखेसह ठेवा. दुवा आहे पण त्याने रद्द होत नाही, हाच तुमचा मुख्य मुद्दा. कंपनीचं 'रिफंड नाही' हे उत्तरही जोडा, आधी त्यांच्याकडे मागणी केल्याचा तो पुरावा आहे.

धागाकर्ती

रेकॉर्डिंग केलं. रद्द करत असल्याची मेल बाबांच्या खात्यावरून गेली, मँडेट बँकेच्या अ‍ॅपमधून काढलं. अर्जाचा मसुदा मी करणार होते, पण बाबांनी कागद ओढून घेतला आणि तारखांसकट सगळा घटनाक्रम स्वतः लिहून काढला. दोन ठिकाणी माझ्या तारखा चुकल्या होत्या, त्याही त्यांनी दुरुस्त केल्या. उद्या आम्ही दोघं बँकेत जातोय.

गेल्या वर्षीची रक्कम राहतेच. मुदत उलटल्यावर ग्राहक आयोगाकडे किंवा हेल्पलाइनकडे जाऊन कुणी अशी जुनी रक्कम मिळवली असेल, तर काय काय कागद लागले ते कृपया लिहा.