ईओटी क्रेन, चेन ब्लॉक आणि स्लिंगवर तपासणीचं लेबल: काय लिहायचं, कुठे लावायचं?

रबाळे_मेंटेनन्स
रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशन शॉप आहे. ५ टनाची एक ईओटी (वर रुळांवर धावणारी विजेची क्रेन), १ आणि २ टनाचे सहा चेन ब्लॉक (हाताने साखळी ओढून भार उचलायचे), शिवाय भाराला बांधायच्या बेल्ट स्लिंग, वायर रोप स्लिंग, डी शॅकल (पिन घालून बंद करायची कडी) मिळून चाळीसेक नग. वार्षिक तपासणी होऊन सर्टिफिकेटं आली आहेत. कागदी स्टिकर पावसाळ्यात टिकत नाहीत. लेबलवर नेमकं काय हवं, ते कुठे लावायचं आणि शॅकलसारख्या लहान नगांचं काय करायचं?

शॉपफ्लोअर_सेफ्टी
आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. नग क्रमांक आणि एसडब्ल्यूएल (सुरक्षित भार) कायमचे, तपासणीची तारीख दरवर्षी बदलणारी. सगळं एकाच स्टिकरवर घातलं की स्टिकर निघाला त्या दिवशी तो नग बेवारस होतो. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ मध्ये सुरक्षित भार आणि ओळखखूण नगावरच ठळक हवी, त्यांची रजिस्टरमध्ये नोंद हवी आणि सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांत किमान एकदा पूर्ण तपासणी हवी, असं होतं (नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). तारखेचा स्टिकर या खुणेची जागा घेऊ शकत नाही.

ईओटीला गर्डरच्या (वरच्या आडव्या तुळईच्या) दोन्ही बाजूंना ‘एसडब्ल्यूएल ५ टन’ आणि क्रेन क्रमांक रंगवून घ्या. अक्षरं १५० मिमी उंच ठेवली तर खालून आरामात वाचता येतात. हुक ब्लॉकवरही तोच आकडा हवा. होइस्ट (उचलायचं यंत्र) बदलून कमी क्षमतेचा बसवतात आणि गर्डरवरचा जुना आकडा तसाच राहतो, हे फार धोकादायक आहे. अशा वेळी लहान आकडाच खरा धरायचा आणि मोठा त्याच दिवशी पुसायचा.

तारखेचं लेबल वर गर्डरवर लावून कोणालाच दिसत नाही. ते खाली मेन स्विचशेजारी लावा. त्यावर क्रेन क्रमांक, एसडब्ल्यूएल, तपासणीची तारीख, पुढची तारीख आणि सर्टिफिकेट नंबर एवढंच पुरे. पुढची तारीख दिवसासकट लिहा, नुसतं ‘मार्च’ नको.

स्टिकर लॅमिनेशन केलेला पॉलिस्टरचा घ्या. पृष्ठभाग थिनरने पुसून पूर्ण कोरडा करा. तेलाचा पातळ थर राहिला की आधी कोपरा उचलतो, मग सगळाच सुटतो. चेन ब्लॉकवर लेबल साइड प्लेटला लावा, हँड चेनच्या कव्हरला नको. रिपेअरला दोन ब्लॉक एकदम उघडले की कव्हरांची अदलाबदल होते.

स्लिंग_रिगिंग
स्लिंगबद्दल. बेल्ट स्लिंगला शिवलेलं मूळ लेबल असतं. ते फाटलं किंवा वाचता येईना, तर स्लिंग बाद. नुसत्या रंगावर जाऊ नका: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३ हा संकेत बरेच उत्पादक पाळतात, पण उन्हात रंग उडतो आणि लेबलाशिवाय नग ओळखायचा कसा? मार्करने बेल्टवरच आकडा लिहिण्याचा प्रकार बंद करा.

चेन स्लिंगचा टॅग मास्टर लिंकवर (हुकात अडकवायच्या वरच्या कडीवर) हवा. दोन पायांच्या स्लिंगला कोनासकट क्षमता लिहा. पाय उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंत असतील तर एका पायाच्या १.४ पट, ४५ ते ६० अंशांत फक्त १ पट. नुसतं ‘२ टन’ लिहिलं तर पाय फाकवून उचलताना माणूस फसतो. वायर रोप स्लिंगला फेरूलवर (दोराचं टोक दाबून धरणाऱ्या धातूच्या नळीवर) उत्पादकाचा शिक्का असतो; तो नसेल तर स्टेनलेस तारेने टॅग बांधा. खाडीच्या हवेत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार लवकर गंजते.

हुक, शॅकल किंवा चेनच्या कडीवर भार येणाऱ्या भागात पंच मारू नका, ड्रिल किंवा वेल्डिंग तर मुळीच नको. तडा तिथूनच सुरू होतो.

रबाळे_मेंटेनन्स
सर, मग ½ इंची शॅकलला क्रमांक कुठे घालायचा? जागाच नाही.

स्लिंग_रिगिंग
उत्पादकाचा क्षमतेचा आकडा बॉडीवर उठावात असतो, तो रंगाखाली जाऊ देऊ नका. क्रमांक तारेच्या टॅगवर. खूण करणं शक्यच नसेल तिथे प्रकार आणि मापानुसार सुरक्षित भाराचा तक्ता ठळक जागी लावायची तरतूद त्याच कलम २९ मध्ये होती. पिन दुसऱ्या शॅकलची घालू नका, मूळचीच हवी.

शॉपफ्लोअर_सेफ्टी
लहान नगांना रंगाची खूण चांगली चालते. दर सहामाहीला एक रंग ठरवा, स्वतःची तपासणी झालेल्या नगालाच त्या रंगाची पट्टी, आणि चालू रंग स्लिंग रॅकवर मोठा दाखवा. जुनी पट्टी काढूनच नवी लावा. दोन रंग दिसले की कामगार कुठला खरा धरणार? सर्टिफिकेट हातात येण्याआधी मात्र तारखेचं लेबल लावू नका.

बाद बेल्ट स्लिंग भंगारात टाकण्याआधी मधोमध कापा, डोळे (टोकांचे फासे) वेगळे करा. अख्खी टाकली तर कोणीतरी टेम्पो बांधायला नेतो आणि तीच फिरून रॅकवर येते.