पाळी चुकली, मग? तुमचा अनुभव इथे लिहा

मैत्रिणींनो, दिवस राहिल्याचं तुम्हाला पहिल्यांदा कशावरून कळलं आणि घरी टेस्ट करताना काय झालं, ते मोकळेपणाने लिहा. आमच्या घरात हा विषय अजूनही स्वयंपाकघरात, आवाज खाली करून निघतो. त्यामुळे साध्या गोष्टीही उशिरा कळतात. सुरुवात मी करते.

मी डोंबिवलीची, रोज सकाळची फास्ट लोकल. एके दिवशी दिवा स्टेशन सोडल्यावर शेजारणीच्या मोगऱ्याच्या गजऱ्याने इतकं मळमळलं की मी दारात जाऊन उभी राहिले. एरवी तो वास माझ्या किती आवडीचा! छाती जड झाली होती, पण ती पाळीआधीही होते. पाळीला चार दिवस होते, तरी राहवेना म्हणून किट आणलं. एकच रेघ आली. दोन दिवस नुसती रडत होते. पाळी चुकून आठवडा झाल्यावर परत केली, तर दोन रेघा, ठसठशीत.

नंतर डॉक्टरबाईंनी समजावलं. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की मगच एचसीजी नावाचं संप्रेरक रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं. बीज सुटल्यापासून रुजायलाच साधारण 6 ते 12 दिवस जातात. पुढे त्याचं प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं. माझी घाई झाली होती, एवढंच.

वेसावे कोळीवाडा
सुकटीच्या वासात लहानाची मोठी झाले मी. वलांडीवर बोंबील वाळत घातले होते आणि आयने हाक मारली, "हात लाव गो जरा." मी जवळ गेले आणि पोटातून ढवळूनच आलं. आय माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तारीख कधी होती तुझी?" मला आठवेना. कॅलेंडर काढलं, अकरा दिवस वर गेलेले. म्हणून सांगते, तारीख लिहून ठेवा. बाकी झोप येणं, सारखं लघवीला जाणं, तोंडाला चव नसणं, हे सगळं होतं, पण ते दुसऱ्या कशानेही होतं.

परळ, लॅबमध्ये काम करते
पट्टीत काय घडतं ते सांगते, कारण लोक घाबरून भलतंच वाचतात. लघवी पट्टीवरून पुढे सरकते तेव्हा वाटेतले रंगाचे बारीक कण सोबत घेऊन जाते. त्या कणांना एचसीजी पकडणारी प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. एचसीजी असेल तर ते कण 'टी'च्या रेघेवर अडकतात आणि तिथे रंग दिसतो. 'सी'ची रेघ किट नीट चालतंय एवढंच दाखवते, ती एचसीजी असो-नसो, उमटायलाच हवी. ती आली नाही तर किट फेकून द्या, त्या निकालाला अर्थ नाही. दिलेल्या वेळेत 'टी' फिकट पण रंगीत आली तर ती आलीच समजा; वेळ उलटून पट्टी वाळल्यावर उमटलेली करडी खूण धरू नका. दोन दिवसांनी परत केली की बहुधा गडद होते. आणि सकाळची पहिली लघवी घ्या, ती दाट असते. तांब्याभर पाणी पिऊन केली तर सुरुवातीच्या दिवसांत हुलकावणी मिळू शकते. मीठ, साखर, टूथपेस्ट घालून बघण्यात काही तथ्य नाही.

अंधेरी, नाव नको
माझं लग्न झालेलं नाही. घरापासून लांबच्या मेडिकलमधून किट घेतलं, त्याने कागदात गुंडाळून दिलं. पीजीत सहाजणींत एक बाथरूम. घाईत पट्टी खिडकीत ठेवून ऑफिसला पळाले आणि रात्री पाहिलं तर पुसट करडी दुसरी रेघ. ती रात्र मी कशी काढली ते माझं मलाच माहीत. सकाळी नवं किट आणून पाच मिनिटं समोर बसून राहिले. एकच रेघ. पट्टी वाळल्यावर तशी करडी खूण उमटते, हे आज वरची पोस्ट वाचूनच धड कळलं. पाळी पुढे नऊ दिवसांनी आली. नाइट शिफ्टमुळे उशीर झाला असावा, असं डॉक्टर म्हणाल्या.

गिरगाव
मला हे लिहायला जड जातंय, पण लिहिते. दोन रेघा आल्या, सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. सातव्या आठवड्यात थोडे डाग दिसले आणि उजव्या बाजूला दुखायला लागलं. जवळच्या दवाखान्यात ॲसिडिटी म्हणून गोळी दिली. संध्याकाळी खांद्याचं टोक दुखायला लागलं, उभी राहिले की अंधारी. सासूबाईंनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पांढरीफटक. त्या ह्यांना म्हणाल्या, "टॅक्सी बोलाव, आत्ता." गर्भ नळीत रुजला होता, नळी फुटली होती. रात्री ऑपरेशन झालं. किट एवढंच सांगतं की एचसीजी आहे. गर्भ कुठे आहे ते सोनोग्राफीतच दिसतं. दोन रेघा आल्यावर एका बाजूला दुखलं, डाग दिसले, चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा. मला तीन वर्षांनी उरलेल्या एका नळीवर मुलगी झाली.

मुलुंड
आययूआय (धुतलेलं वीर्य नळीने गर्भाशयात सोडतात तो उपचार) करणाऱ्यांसाठी: बीज फुटायला देतात त्या इंजेक्शनात एचसीजीच असतं बऱ्याचदा. मी पाचव्या दिवशी टेस्ट केली, दोन रेघा आल्या, ह्यांनी पेढेही आणले. ते इंजेक्शनचं होतं. डॉक्टर सांगतील त्याच दिवशी करा.

ठाणे
मला पीसीओडी आहे, पाळी कधी पन्नास दिवसांनी, कधी सत्तर. माझी तारीख चुकली हे मी ठरवायचं कसं?

गोवंडी, आशा सेविका
ताई, तारखेवर जाऊ नका. संबंध आला त्या दिवसापासून 21 दिवस मोजा आणि मग करा. तरी शंका राहिली तर रक्ताची बीटा एचसीजी करून घ्या. विकत घेणं जमत नसेल तर तुमच्या भागातल्या आशाला विचारा, आमच्याकडे सरकारी 'निश्चय' किट असतं, पैसे लागत नाहीत. आमच्या वस्तीत एकजण चौथ्या महिन्यात आली, पाळी जायचं वय झालं असं समजून बसली होती. चव्वेचाळीस वय. शंका आली की करून घ्या, आणि मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिडची गोळी दोन रेघांची वाट न बघता आधीपासूनच सुरू करा. बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूची जडणघडण गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच सुरू होते, तेव्हा बऱ्याचजणींना दिवस राहिल्याचंही कळलेलं नसतं.