कोल्हापूर जिल्हा फिरताना गाइडबुक कितपत कामी आलं? अनुभव लिहा

सुट्ट्या लागल्या की फोन सुरू होतात, "आम्ही येतोय, काय काय बघायचं?" आमचं उत्तर ठरलेलं : अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा आणि मधे मिसळ. यंदा आलेल्या मावसभावाकडे मात्र पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं जाड गाइडबुक होतं. तो मलाच टाउन हॉलच्या संग्रहालयात घेऊन गेला आणि ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती दाखवली. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेकाठी! पाहुण्याने कोल्हापूरकराला कोल्हापूर दाखवावं, म्हणजे हद्दच.

तर गाइडबुक घेऊन हा जिल्हा फिरलेल्यांनी लिहा. कुठे उपयोग झाला, कुठे नाही? "मोबाइल आहे की" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

विदर्भकन्या
खिद्रापूरसाठी पुस्तकाला शंभर मार्क. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात शिरलं की मान आपोआप वर जाते, छताला गोल मोकळं आभाळ. बहुतेक जण तिथे फोटो काढून परततात. पुस्तकात मंदिराचा आराखडा होता, त्यामुळे आम्ही बाहेरून सावकाश फिरलो. तळाला ओळीने हत्ती, जणू सगळं देऊळ त्यांच्याच पाठीवर. देवगिरीच्या यादव सिंघणाचा शिलालेखही पुस्तकामुळेच शोधला. महादेवापुढे नंदी नाही हे वाचलं नसतं तर लक्षातच आलं नसतं. तो पलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, असं सांगतात. गाभाऱ्यात कोपेश्वराशेजारी धोपेश्वर म्हणजे विष्णू, तोही लिंगरूपात. हे सगळं तिथे कोण सांगणार? पुजारी आरतीच्या गडबडीत होते.

शिरोळकर
ताई, देवळाबद्दल पुस्तक बरोबर, पण नदीबद्दल काय? पुस्तकवाले 'नृसिंहवाडी आणि खिद्रापूर, एक दिवस' असं छापून मोकळे होतात. जुलै-ऑगस्टात येऊन बघा. कृष्णा चढली की वाडीच्या दत्ताच्या देवळात पाणी शिरतं आणि उत्सवमूर्ती वर हलवतात. पाणी पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा, तेव्हा लोक मुद्दाम स्नानाला येतात. त्याची तारीख कुठलं पुस्तक छापणार? ती वरच्या पावसावर आणि धरणाच्या विसर्गावर ठरते. २०१९ आणि २०२१ ला तर देवदर्शन लांबच, आमची माणसं होडीतून बाहेर काढली. पावसाळ्यात येणाऱ्यांनी वाडीत कुणाला तरी फोन करून निघावं.

महाद्वाररोड
अंबाबाईच्या किरणोत्सवाचंही तेच. गाइडबुकात नोव्हेंबरातल्या आणि जानेवारीअखेरच्या तारखा छापलेल्या असतात. त्या वाचून लोक लांबून येतात. मावळतीची किरणं आधी देवीच्या पायांवर, मग वर सरकत चेहऱ्यापर्यंत, हे खरं. पण ढग आले, हवा धुरकट असली, वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं, तर ती कमरेवरच थांबतात. रांगेत आमच्या मागचे काका पुस्तक उघडून पुजाऱ्यांशी वाद घालत होते, "इथं चेहरा लिहिलंय!" आता सूर्यालाच समज द्यायची का?

जुना वाहक (एसटीतून निवृत्त)
पुस्तक लिहिणारा स्वतःच्या गाडीतून फिरलेला असतो, हे दोन पानांत कळतं. पन्हाळा-जोतिबा एका दिवसात आरामात होतं, फक्त रविवार टाळा आणि चैत्र यात्रा असली तर त्या बाजूला गाडी घालूच नका. पण 'पन्हाळा-विशाळगड' ही जोडी एका ओळीत छापतात, तेव्हा हसू येतं. नकाशात बोटभर अंतर. १६६० च्या पावसाळ्यात बाजीप्रभू पडले ते याच बोटभर अंतरात. पारगड, रांगणा यांना तर एका ओळीत गुंडाळतात, आणि तिकडे मुक्कामाच्या गाडीने जाऊन पहाटेच्या गाडीने परत फिरायचं असतं, ते लिहीत नाहीत. विचारायचं तर स्टँडवर, चौकशी खिडकीपेक्षा चहाच्या गाड्यावर.

गडावरचा
आम्ही पन्हाळ्याचे. पुस्तक घेऊन येणारा पर्यटक आम्हाला आवडतो, कारण तो अंधार बावीत उतरतो, अंबरखान्याच्या गंगा-यमुना-सरस्वती कोठारांत उभा राहून वर बघतो. बाकीचे कणीस खाऊन खाली. मात्र आवृत्ती बघून घ्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले आले, त्यात पन्हाळा आहे. जुन्या पुस्तकात ते कुठून येणार?

खवय्या_शाहूपुरी
खाण्याची पानं सरळ फाडून टाका राव. आमच्या पाहुण्यांच्या पुस्तकात बंद पडलेलं शालिनी पॅलेस हॉटेल अजून राहण्याच्या यादीत होतं! तांबडा-पांढरा कुठे चांगला हे रिक्षावाल्याला विचारा, आणि तो जिथे स्वतः जेवतो तिथेच जा.

इतिहासाच्या बाई
मी वर्गाची सहल नेण्याआधी १८८६ चं इंग्रजी गॅझेटिअर काढते. तेही एका अर्थी गाइडबुकच. त्यात गावं, देवळं, बाजार बारकाईने आहेत, पण रेल्वे नाही, ती इथे १८९१ मध्ये आली. राधानगरीचं धरणही नाही, ते शाहू महाराजांनी पुढे सुरू केलं. मुलांना मी विचारते, "या पुस्तकात काय सापडत नाही?" मग धरणावर गेल्यावर पाण्याच्या दाबाने उघडणारे स्वयंचलित दरवाजे ती वेगळ्याच डोळ्यांनी बघतात. नव्या गाइडबुकांवर माझा राग एवढाच, की दाजीपूरच्या गव्यांचा फोटो छापतात आणि अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं हे बारीक टाइपात.

विदर्भकन्या
@जुना वाहक, काका, आईला घेऊन पुन्हा खिद्रापूरला जायचंय, या वेळी एसटीने. पुस्तकात फक्त 'टॅक्सी उपलब्ध' आहे.

जुना वाहक (एसटीतून निवृत्त)
पोरी, आधी कुरुंदवाड गाठ, कोल्हापुरातून गाड्या आहेत. तिथून खिद्रापूरची गाडी. उतरल्या उतरल्या परतीची शेवटची कधी ते वाहकालाच विचारून ठेव. कार्तिकी पौर्णिमेला मात्र येऊ नको, आईला गर्दी झेपायची नाही. आणि वाडीत उतरणार असलीस तर बासुंदी घे.